एक्सप्लेनर : डिसेंबरचा हा आठवडा नाशिकचा का?

डिसेंबरचा उत्तरार्ध आला की दिनविशेषांच्या पोस्ट मोबाइलवर धडकतात. फोटो, तारीख, 'विनम्र अभिवादन', विषय संपला. पण २० ते २५ डिसेंबरमधल्या बहुतेक तारखांचे धागे नाशिकपर्यंत येतात.

२१ डिसेंबर १९०९ रोजी काय घडले?

मंगळवारची रात्र. विजयानंद थिएटरमध्ये 'संगीत शारदा'चा प्रयोग होता. बदली झालेले जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांचा हा निरोपाचा कार्यक्रम. तिथेच अनंत कान्हेरे या कोवळ्या विद्यार्थ्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी कविता छापल्याबद्दल बाबाराव सावरकरांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती आणि तो खटला जॅक्सन यांनीच वरच्या कोर्टात धाडला होता. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. पिस्तूल लंडनहून आले होते. त्याचा माग काढत सरकार विनायक दामोदर सावरकरांपर्यंत पोहोचले. पुढच्याच डिसेंबरात त्यांना जन्मठेप झाली.

जॅक्सन संस्कृतचे अभ्यासक होते. त्यांनी जमवलेली लोकसमजुतींची टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर एन्थोव्हेन यांनी पुस्तकरूपात आणली. म्हणून 'माणूस चांगला होता' हा मुद्दा दरवर्षी निघतो. असेलही, पण कवितांसाठी जन्मठेप देणाऱ्या यंत्रणेत विद्वान अधिकाऱ्याची सहीसुद्धा सहीच असते. कान्हेरेंचे नाव मैदानाला दिले गेले, लोकांच्या तोंडी मात्र ते अजून 'गोल्फ क्लब'च आहे.

महाडचा इथे काय संबंध?

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. चवदार तळ्यावरचा सत्याग्रह मात्र कोर्टाच्या मनाईहुकमामुळे स्थगित ठेवावा लागला. पाण्यानंतर प्रश्न मंदिराचा आला. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, काही वर्षे चालला, दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली तीही आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात.

बाकीच्या तारखा?

२० डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनंतर १४ दिवसांनी गाडगेबाबा गेले. गोदावरीवरच्या पुलाला त्यांचे नाव आहे. २२ डिसेंबर हा रामानुजन यांचा जन्मदिन. नाशिकशी नाते नाही, पण इंजिनीअरिंगवाल्याला तो गाळवत नाही. २४ डिसेंबर १८९९ हा साने गुरुजींचा जन्मदिवस. गुरुजी कोकणातल्या पालगडचे, पण 'श्यामची आई' त्यांनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली, अवघ्या पाच दिवसांत.