पहिल्याच भेटीत विचारा

आष्टीतला साठी ओलांडलेला शेतकरी लघवीच्या त्रासासाठी नगर गाठतो. रक्ततपासणीत पीएसए वाढलेलं निघतं, बायप्सीत प्रोस्टेटचा कॅन्सर. मग बार्शी, संभाजीनगर, नाहीतर थेट परळचं टाटा. या धावपळीत एक प्रश्न राहूनच जातो: माझ्यासारख्या रुग्णाला घेणारी एखादी वैद्यकीय चाचणी (क्लिनिकल ट्रायल) सध्या चालू आहे का?

चाचणी म्हटलं की घरचे बिचकतात, ‘आमच्या आबांवर प्रयोग नको’ म्हणतात. टाटातल्याच एका चाचणीचं पाहा. 2011 ते 2017 या काळात धोका जास्त असलेले 224 रुग्ण तिच्यात घेतले. किरणांचा शेक फक्त प्रोस्टेटला द्यायचा की ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींनाही, एवढाच प्रश्न होता. उपचाराविना कुणालाच ठेवलं नव्हतं. ग्रंथींनाही शेक दिलेल्यांपैकी 95 टक्क्यांचं पीएसए पाच वर्षांनंतरही आटोक्यात होतं. दुसऱ्या गटात हे प्रमाण 81 टक्के. तिथल्याच ‘प्राइम’ चाचणीनं 25 ऐवजी 5 बैठकांत शेक पुरेल का, हे तपासायला घेतलं. हंगाम सोडून मुंबईत पाच आठवडे खोली करून राहायला काय पडतं, हे आष्टीकरांना मी काय सांगावं? नवं संशोधन म्हणजे फक्त महागडं औषध नव्हे, ते हेही असतं.

औषधंही येताहेतच. ल्युटेशियम-पीएसएमए हे किरणोत्सारी औषध शिरेतून जाऊन कॅन्सरच्या पेशींना चिकटतं. अमेरिकेत त्याला 2022 मध्ये मान्यता मिळाली. हार्मोनच्या उपचारांना दाद देईनासे झालेल्यांपैकी काहींनाच ते लागू पडतं. उलट काही चाचण्या हार्मोनचं इंजेक्शन आधीच सुरू झालेल्या रुग्णाला घेत नाहीत. म्हणून विचारायचं ते पहिल्याच भेटीत.

जून 2009 पासून देशातल्या चाचण्यांची नोंद ‘सीटीआरआय’ या सरकारी नोंदवहीत सक्तीची आहे. कुठल्या रुग्णालयात, कोणत्या डॉक्टरांकडे, कुणाला घेणार, हे तिथं फुकट वाचता येतं, पण इंग्रजीत. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ही नोंद शोधून मराठीत समजावणारं एक माणूस नेमावं, ही माझी मागणी आहे.

सहीआधी मराठीतला संमतीपत्राचा कागद मागा, घरी आणून वाचा. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई चाचण्यांविषयीच्या 2019 च्या नियमांत आहे. मधूनच बाहेर पडण्याचा हक्कही आहे. जाताना बायप्सीचा अहवाल, पीएसएचे सगळे आकडे तारखांसह आणि दिलेल्या इंजेक्शनांची नावं न्या. चाचणीत घेता येईल का, हे डॉक्टर आधी त्यावरूनच पाहतात.