अंधाराचा नकाशा

हिवाळ्यात दुपारची शाळा सुटल्यावर आमच्या मुली जवळची गल्ली टाळून लांबच्या वाटेने घरी जातात, हे आमच्या ध्यानी फार उशिरा आले. कारण विचारता त्या म्हणाल्या, "तिथे दिवे नसतात, सर, आणि टोळकी उभी असतात." तक्रार मात्र कोणीच केली नव्हती.

दप्तरात न उतरणारी ही भीती टिपण्याचे काम आता नागरिकांच्याच साहाय्याने होत आहे. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या घटनेनंतर 'सेफसिटी' हा उपक्रम निघाला. त्यात नाव न सांगता अनुभव कळवावा आणि ते स्थळ नकाशावर उमटावे, अशी योजना आहे. २०१३ साली आलेल्या 'सेफ्टीपिन'मध्ये उजेड, पायवाट, माणसांचा वावर, वाहनांची सोय अशा नऊ निकषांवर रस्ता पारखला जातो. समाजमाध्यमांमुळे असे आवाहन घरोघर पोहोचते.

परंतु एक सावधगिरी हवी. जिथून नोंद येत नाही ती जागा निर्धोक, असे मानणे ही अभ्यासातील मोठीच चूक ठरेल. धुणीभांडी करून रात्री परतणाऱ्या बाईपाशी साधा फोन असतो. तिची वाट नकाशावर कोरीच राहते.

म्हणून आम्ही मुलींकडून निनावी चिठ्ठ्या घेतल्या, फळ्यावर वस्तीचा नकाशा काढला आणि त्याची प्रत अर्जासोबत धाडली. दोन दिवे लागले. तिसऱ्याची वाट पाहत आहोत. वाचकहो, आज घरातील लेकीसुनांना एवढेच विचारावे : कोणती वाट तुम्ही टाळता?