वरचा बांध, खालची गल्ली

नववीच्या तासाला 'बांध' हा शब्द आला. आमची मुलं उर्दू माध्यमाची. मराठी शब्द हातात घेऊन उलटसुलट करून पाहावा लागतो. मी विचारलं, बांध कोण घालतं? "सरकार," एक जण म्हणाला. मागच्या बाकावरून आवाज आला, "टीचर, हमारे नाले में तो अपने आप बनता है." वर्ग हसला. मला हसू आलं नाही, कारण मुलगा बरोबर बोलत होता.

वाकोला नाल्याच्या काठी राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. जुलैच्या पावसात फांद्या, गाद्या, थर्माकोल, पिशव्या वाहत येतात आणि मोरीच्या तोंडाशी अडकतात. मागे पाणी चढतं. काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या पोरांनी बांबूने असा एक गठ्ठा उपसून काढला. आमच्या उंबऱ्यावरचं पाणी बघता बघता उतरलं. पोरांना शाबासकी मिळाली, चहा झाला. तेवढ्यात खालच्या अंगाला राहणाऱ्या माझ्या खालाचा फोन आला. तिच्याकडे पाणी एकदम आलं होतं, नातवाला माळ्यावर बसवलं होतं, फ्रिज आडवा झाला होता. तिला आधी फोन करायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. मलाही नाही.

डोंगरात हेच घडतं, फक्त फार मोठ्या मापाने. दरड कोसळून अरुंद दरीत नदी अडते, मागे तलाव भरत जातो. माणसाने बांधलेल्या धरणाला जादा पाणी जायला सांडवा असतो, या ढिगाऱ्याला नसतो. पाणी माथ्यावरून वाहू लागलं की सैल दगडमाती कापत जातं. खाच खोल झाली की पाण्याचा जोर वाढतो, जोर वाढला की खाच आणखी खोल होते. महिनोन्महिने साठलेलं पाणी मग काही तासांत खाली येतं.

1893 च्या सप्टेंबरात गढवालमध्ये गोहना गावाजवळ बिरही गंगेवर असाच डोंगर कोसळला. बांध सुमारे 900 फूट उंच. पुलफोर्ड नावाच्या इंजिनियरने हिशेब मांडला की पुढच्या ऑगस्टमध्ये पाणी माथ्याला लागेल. मग खाली हरिद्वारपर्यंत तार टाकली गेली, पूल काढून घेतले, पूर कुठवर चढेल ते दाखवणारे खांब उभे केले. 25 ऑगस्ट 1894 च्या रात्री बांध फुटला. गढवालचं श्रीनगर वाहून गेलं, पण माणसं गेली फक्त पाच: हटवलेलं असूनही परत गेलेला एक फकीर आणि त्याचं कुटुंब. इंग्रजांचं कौतुक करायला मी बसलेली नाही. पण खालच्या माणसाला वेळेत सांगणं तारेच्या जमान्यात जमलं, एवढं लक्षात घ्या.

26 जुलै 2005 ला मी बी.एड. करत होते. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. आमचा नाला मिठीला मिळतो आणि मिठी माहीमच्या खाडीला. त्या दुपारी समुद्राला भरती होती, म्हणजे खालून दार बंद. हाही एक बांधच, आणि त्याची वेळ तर आधीच छापलेली असते. आम्हाला कुणी सांगितली नाही. मी छातीभर पाण्यातून घरी आले.

नंतर दोन गोष्टी ऐकायला मिळतात. बाहेरचे म्हणतात, कचरा तुम्हीच टाकता. आतले म्हणतात, किस्मत. पहिल्यात थोडं खरं आहे, पण कचऱ्याची गाडी आमच्या गल्लीत शिरतच नाही, हेही खरं आहे. दुसरं मला मुळीच पटत नाही. मोरी तुंबलेली डोळ्यांना दिसते, तिथे किस्मत कशाला मधे आणायची?

मला वाटतं, पावसाळ्यात प्रत्येक मोरीवर एक माणूस हवा आणि गठ्ठा ओढण्याआधी खालच्या गल्लीला निरोप जायला हवा. मशिदीच्या भोंग्यावरून एवढं राजकारण झालं. त्याच भोंग्यावरून "पाणी सोडतोय, पोरांना वर घ्या" असं सांगता येईल. मंदिराच्या स्पीकरवरूनही. पाणी दोन्हीकडे जातं.

तास संपल्यावर मागच्या बाकावरच्या त्या मुलाला विचारलं, नाल्याच्या खालच्या अंगाला तुमचं कोण राहतं? "फुप्पी," म्हणाला. तिचा नंबर पाठ आहे? नव्हता.