तबकडी भिंतीवर नको, ग्रंथालयात हवी

पोस्ट थोडी लांब आहे, पण विषय आपल्या शहराच्या कामाचा आहे.

रेकॉर्डची फॅशन परत आली, हे आता वेगळं सांगायला नको. अमेरिकेत २०२२ साली सीडीपेक्षा रेकॉर्ड जास्त विकल्या गेल्या, १९८७ नंतर पहिल्यांदाच. पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' निघाला १९७३ साली, पण आज विशीतली पोरं तो नव्या छपाईत, काही हजार रुपये मोजून घेताहेत. आपल्या संभाजीनगरातही हौशी मंडळी आहेत. आनंदच आहे. पण याच लाटेत दुसरं एक दृश्य दिसतं. जुन्या मराठी रेकॉर्ड भंगारात किलोवर जातात, नाहीतर कापून, रंगवून त्यांची घड्याळं होतात. बीटल्सची तबकडी काचेच्या कपाटात आणि आपली नाट्यगीतं खिळ्याला! मला बोलायचंय ते यावर.

आधी आवाजाचा प्रश्न मिटवू. 'रेकॉर्डचा आवाज उबदार, डिजिटलचा कोरडा' हे वाक्य प्रत्येक हौशी माणूस ऐकवतो. खरं सांगायचं तर तांत्रिक मापांत सीडी रेकॉर्डच्या पुढे आहे. हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर सीडी जास्त पेलते, आणि सुई घासल्याची खरखर तिच्यात नसते. रेकॉर्डवर तर शेवटच्या गाण्याला आवाज जरा फाटतोच, कारण तबकडी त्याच वेगाने फिरत असली तरी आतल्या वर्तुळात सुईखालून एका सेकंदात जाणारी खाच कमी लांबीची असते. तेवढ्याच आवाजाला जागा कमी मिळते.

उबदारपणाच्या श्रद्धेची परीक्षाही झाली आहे. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकन कंपनी जुने अल्बम 'मूळ टेपवरून' काढते म्हणून जाणकारांची लाडकी होती. २०२२ साली उघड झालं की त्यांच्या बऱ्याच रेकॉर्डमध्ये मधे एक डिजिटल टप्पा होता, तोही अनेक वर्षांपासून. डिजिटलचा वास लांबून येतो म्हणणाऱ्या तयार कानांना तो कळला नव्हता. प्रकरण कोर्टात गेलं, कंपनीला भरपाई द्यावी लागली.

मग जुनी रेकॉर्ड ऐकायची कशाला? कारण आवाज चांगला की वाईट हे ठरतं ते मूळ मुद्रण आणि त्यावरून प्रत काढणाऱ्या माणसाचं काम यांवर. 'अॅबे रोड' १९६९ चा. २०१९ साली त्याचं नवं मिश्रण निघालं आणि ते ऐकण्यासारखं झालं, कारण लंडनमध्ये मूळ टेपा कुणीतरी नीट जपल्या होत्या. उलट २००८ साली हॉलिवूडमध्ये युनिव्हर्सलच्या आवारात आग लागली आणि कंपनीच्या मूळ टेपांचा मोठा साठा जळाला. त्यातल्या ज्या गाण्यांची दुसरी टेप नसेल, त्यांच्यासाठी लोकांच्या घरातली तबकडीच शेवटचा पुरावा. बड्या श्रीमंत कंपनीची ही गत, तर आपण किती निर्धास्त राहायचं?

आता आपल्याकडे या. नामदेव नरसीचे, जनाबाई गंगाखेडची, एकनाथ पैठणचे, ज्ञानेश्वरांचं आपेगाव पैठण तालुक्यातलं. हे सगळं मराठवाड्याचं देणं. पण विसाव्या शतकात या संतांचे शब्द ज्या आवाजांत घराघरांत पोचले, ते भीमसेन जोशींचे, लता मंगेशकरांचे आवाज एचएमव्हीच्या तबकड्यांवर होते, आणि त्या तबकड्या छापल्या जात होत्या कोलकात्याजवळ डमडमच्या कारखान्यात. 'गीतरामायण' १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालं, तेव्हा त्यातली ५६ गाणी वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायली होती. पुढे दहा रेकॉर्डचा जो संच निघाला, तो एकट्या सुधीर फडके यांच्या आवाजात. आज 'गीतरामायण' म्हटलं की बाबूजींचाच आवाज आठवतो, तो याच संचामुळे. थोडक्यात, जे तबकडीवर उतरलं ते लोकांच्या कानात राहिलं. म्हणूनच त्या तबकडीचं काय होतं याची काळजी करायची.

'यूट्यूबवर सगळं आहे की!' हे उत्तर मला ठाऊक आहे. आहे, पण कसं आहे ते ऐका. एका बाजूने मुद्रित झालेलं गाणं बळंच स्टिरिओ केलेलं. खरखर काढायच्या नादात तंबोराही पुसलेला. कुठे अंतराच गायब, तर कुठे मागून ढोलक चिकटवलेला. आणि वेग! जुन्या लाखेच्या रेकॉर्डना आपण सरसकट '७८'च्या म्हणतो, पण सुरुवातीच्या काळात सगळ्या नेमक्या ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नाहीत. वेगात साधारण सहा टक्के फरक पडला की पट्टी एका सुराने सरकते. म्हणजे काळी एकमध्ये गाणारा माणूस नेटवर पांढरी दोनच्या जवळ ऐकू येतो आणि आपण म्हणतो, काय चढा आवाज होता! गाण्याचे विद्यार्थी यावरून शिकतात. वेष्टनावर छापलेली कवी-संगीतकारांची नावं नेटवर बहुतेक वेळा नसतातच.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला. पेढे वाटून झाले. भाषा फक्त ताम्रपटात आणि पोथीत नसते, ती उच्चारातही असते. शंभर वर्षांपूर्वी 'च' आणि 'ज' कसे बोलले जायचे, कीर्तनकार कुठे श्वास घ्यायचा, शाहीर शब्द कसा फेकायचा, हे पुस्तकातून कळणार नाही. ते त्या खाचेत आहे. भीमगीतांच्या आणि कव्वालीच्या तबकड्या तर या शहराच्या सामाजिक इतिहासाची कागदपत्रंच समजा. मिलिंद महाविद्यालय ज्या गावात उभं राहिलं, त्या गावाने ती भंगारात घालावीत का?

मग करायचं काय? इथे कायदा आपल्या बाजूने आहे, आणि ही गोष्ट फारशी कुणाला माहीत नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली एक तरतूद आली. व्यापारी हेतू नसलेल्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखादी कृती मूळ रूपात असेल, तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत साठवणं हा भंग धरला जात नाही. नेटवर टाकायची मुभा त्यात नाही, पण जपायची आहे. म्हणजे ग्रंथालयाने दान आलेली रेकॉर्ड दाखल करून घ्यायची आणि तिची चांगली प्रत साठवायची, एवढं करायला कुणाच्या दारात जायची गरज नाही.

शिवाय ध्वनिमुद्रणाचा हक्क भारतात प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो. १९६५ पर्यंत निघालेल्या रेकॉर्डवरचा तो हक्क २०२५ अखेर संपला. गीत आणि चाल यांचा हक्क मात्र वेगळा, कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणून 'गीतरामायण' अजून बराच काळ बांधलेलं आहे, कारण गदिमा १९७७ साली गेले आणि बाबूजी २००२ साली. पण 'मानापमान' घ्या, १९११ चं. खाडिलकर १९४८ साली गेले, चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ साली. त्या पदांच्या जुन्या रेकॉर्ड आज शब्द, चाल आणि मुद्रण या तिन्ही अंगांनी समाजाच्या मालकीच्या आहेत. त्या तर सगळ्यांना ऐकायला खुल्या करता येतील. अडवलंय कुणी? कुणीच नाही. आपणच केलेलं नाही.

आपल्या शहरात शासकीय विभागीय ग्रंथालय आहे, जुनी सार्वजनिक वाचनालयं आहेत, विद्यापीठ आहे. यातल्या एकाने तरी एक खोली द्यावी. लागतं काय? तिन्ही वेगांवर चालणारा बरा रेकॉर्ड प्लेअर, दोन प्रकारच्या सुया (लाखेच्या रेकॉर्डची खाच रुंद असते, तिला एलपीची सुई चालत नाही), आवाज संगणकात घेणारं छोटं यंत्र आणि शिकवून तयार केलेली दोन मुलं. मूळ प्रत २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर, काहीही न पुसता ठेवायची. साफसफाई करायची ती दुसऱ्या प्रतीवर. एखाद्या नेत्याच्या सत्काराला जो मंडप पडतो, त्या खर्चात हे सगळं बसेल.

'ऐकायला येणार कोण?' असं कुणी विचारेल. दफ्तरखान्यातले मोडीचे कागद बघायला रोज किती लोक येतात? तरी आपण ते जाळत नाही. आणि जाणकार तर आहेतच. मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था सुरू झाली. टीआयएफआरमधले शास्त्रज्ञ सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम हौसेतून उभं केलं. हौशी माणसं जे करू शकली, ते सरकारी ग्रंथालयाला का जमू नये?

तोवर घरच्यांनी एवढं करा. माळ्यावर रेकॉर्ड असतील तर त्या आडव्या रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. उन्हाच्या भिंतीपासून लांब ठेवा, आपला मे महिना त्यांना वाकवतो. लाखेच्या रेकॉर्डला स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. वेष्टन फाटलं तरी फेकू नका, नावं त्यावरच आहेत. आणि भंगारवाल्याला देण्याआधी जवळच्या वाचनालयात एक चौकशी करा. वाचनालयाने 'आमच्याकडे सोय नाही' म्हटलं, तर ते लेखी मागा. अशी दहा पत्रं जमली, की ती घेऊन ग्रंथालय संचालनालयाकडे सोय मागायला जाता येईल.