गाडीवरचं दूध थंड ठेवायचं कुणी?

पुणे-हैदराबाद महामार्गावर उमरगा मागे पडलं की थोड्याच वेळात महाराष्ट्राची हद्द संपून कर्नाटक सुरू होतं आणि पुढे सस्तापूर बंगल्याचा फाटा लागतो. तिथून आत वळलं की बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. एकेकाळची चालुक्यांची राजधानी, बसवण्णांची कर्मभूमी, आणि आजच्या ट्रकवाल्यांच्या लेखी गाड्या दुरुस्तीच्या ऑटोनगरचं गाव. भाविक, लॉरीचालक, गाडी दुरुस्तीला टाकून वेळ काढणारे मालक, बसची वाट पाहणारी कॉलेजची पोरं, अशा गिऱ्हाइकांवर चहाच्या टपऱ्या वर्षानुवर्षं चालत आल्या आहेत. अलीकडे दोन्ही राज्यांतल्या रस्त्यांवर या टपऱ्यांना नवा शेजारी मिळाला आहे. जुनी ओम्नी, आपे किंवा ‘छोटा हत्ती’, मागचं दार वर उचललेलं, आत कॉफीचं यंत्र, मिक्सर आणि बाहेर दिव्यांची माळ.

देशातली सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात पिकते, पण ती कोडगू, चिक्कमगळूर आणि हासनच्या डोंगरांत. बिदर-कलबुर्गीचा टापू मुळात चहाचा. इथे चाकांवरून येणाऱ्या कॉफीला सगळ्यात जास्त मागणी असते ती उन्हाळ्यात, आणि तीही थंड. चहावाल्याला कधी न पडलेला प्रश्न इथेच उभा राहतो: दिवसभर दूध थंड ठेवायचं कसं?

चहाच्या पातेल्याला हा प्रश्न नाही, कारण ते शेगडीवरून उतरतच नाही. अन्न सुरक्षेचे नियम ५ ते ६० अंश सेल्सियस हा धोक्याचा पट्टा मानतात. या दोन आकड्यांच्या मधे दूध राहिलं की जंतूंची चंगळ होते. चहावाला नकळत ६०च्या वर राहतो. गरम दुधाची फिल्टर कॉफी देणाराही तसाच सुटतो. कोल्ड कॉफीवाल्याला मात्र ५च्या खाली राहावं लागतं, आणि एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा चाळिशी गाठतो. उन्हात उभ्या पत्र्याच्या गाडीत तर त्याहून वर जातो. नाशवंत अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अमेरिकेतले नियम हवा ३२ अंशांवर गेली की ही मुदत एका तासावर आणतात. म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात हिशेब तासाभराचाच धरायचा.

‘त्यात काय, दूध पुन्हा उकळून घेतलं की झालं,’ हे उत्तर घरोघरी ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. उकळल्यानं जिवंत जंतू बहुतेक मरतात. पण हाताच्या त्वचेवरून, नाकातून अन्नात उतरणारा स्टॅफिलोकॉकस हा जंतू कोमट दुधात वाढताना जे विष सोडून जातो, ते उकळीलाही दाद देत नाही. काही जंतूंचे बीजाणू तर पातेल्यातल्या उकळीतूनही तग धरतात आणि दूध कोमट झालं की पुन्हा जागे होतात. त्याहून वाईट म्हणजे दूध फाटू नये म्हणून चिमूटभर सोडा टाकण्याची जुनी खोड. सोड्यानं आंबटपणा झाकला जातो, जंतू जिथल्या तिथेच राहतात. नासलेलं दूध निदान आपण नासलो आहोत हे सांगतं. सोडा घातलेलं दूध तेवढंही सांगत नाही.

मग गाडीवाला बाजारात जातो आणि बहुतेक वेळा चुकीची वस्तू घेऊन येतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटला जोडायचा, हलका, देखणा, ‘कार फ्रिज’ नावाचा स्वस्त डबा. यातल्या बऱ्याच डब्यांत कॉम्प्रेसर नसतो. वीज वाहिली की एका बाजूने गार आणि दुसऱ्या बाजूने गरम होणारी पेल्टियर पट्टी असते. अशी पट्टी बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १५ ते २० अंश खाली जाऊ शकते. बंगळूरच्या पावसाळी संध्याकाळी ते पुरेल. चाळीस अंशांत मात्र डब्यातलं दूध वीस-पंचवीस अंशांवर राहतं, म्हणजे धोक्याच्या पट्ट्याच्या ऐन मधे. डबा हाताला गार लागतो म्हणून विकणारा आणि घेणारा दोघंही खूश. बिदर-कलबुर्गीच्या उन्हाळ्यात दुधासाठी हा डबा कुणी घेऊ नये.

खरा कॉम्प्रेसर असलेला १२ व्होल्टचा फ्रिज हे काम नीट करतो. लहान फ्रिज चालू असताना ४५ ते ६० वॉट वीज ओढतो. १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर १,२०० वॉट-अवर असतात, पण शिशाच्या बॅटरीचं आयुष्य टिकवायचं तर त्यातले निम्मेच वापरायचे. तेवढ्यावर धंद्याचा दिवस निघू शकतो. मात्र बॅटरी वेगळी हवी, इंजिन चालू करणारी नव्हे. नाहीतर संध्याकाळी गाडीला धक्का मारायला गिऱ्हाइकांना बोलवावं लागेल. फ्रिज, बॅटरी आणि चार्जर मिळून खर्च बराच होतो. पथविक्रेत्यांसाठी केंद्रानं २०२० साली स्वनिधी योजना काढली तेव्हा पहिलं कर्ज १०,००० रुपयांचं होतं, २०२५ साली ते १५,००० झालं. एवढ्यात हा संच बसत नाही.

उरतो बर्फ. जुना असला तरी त्याची ताकद हिशेबात मांडता येते. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो. एक लिटर दूध ३० अंशांवरून ५ अंशांवर आणायला सुमारे २४ किलोकॅलरी काढून घ्याव्या लागतात. म्हणजे कोमट झालेलं दहा लिटर दूध नुसतं गार करायलाच तीन किलो बर्फ खर्ची पडतो, आणि ते टिकवायला वेगळा. तेच दूध डेअरीच्या शीतकपाटातून थेट डब्यात आलं, तर सगळा बर्फ फक्त बाहेरच्या उन्हाशी झगडतो. आईसबॉक्स दूध थंड करण्यासाठी नसतो, थंड दूध राखण्यासाठी असतो. एवढं ध्यानात आलं की बाकीच्या गोष्टी आपोआप सुचतात. डबा रात्रीच घरात आणून गार करून ठेवायचा. तो भरलेला ठेवायचा. झाकण वारंवार उघडायचं नाही. आत काही शे रुपयांचा तापमापक टाकायचा.

अर्ध्या लिटरची पिशवी तर या धंद्यासाठीच बनवल्यासारखी आहे. एक पिशवी फोडली की पाच-सहा ग्लासांत संपते, म्हणून उघडं दूध फार वेळ पडून राहत नाही. पाच लिटरच्या कॅनचं झाकण दिवसभर उघड-मीट करणाऱ्यापेक्षा पिशवीवाला कितीतरी सुरक्षित. फक्त एक काळजी घ्यावी लागते. लादीचा बर्फ बहुधा खाण्याचा नसतो. अखाद्य बर्फ ओळखू यावा म्हणून तो निळा रंगवण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ साली आला तो त्यामुळेच. असा बर्फ वितळून पिशव्या त्याच पाण्यात तरंगत असतील आणि तशाच ओल्या हातानं कोपरा कापला, तर ते पाणी दुधासोबत ग्लासात जातं. म्हणून सुटा बर्फ टाळावा, बंद आइसपॅक वापरावेत आणि पिशवी पुसूनच कापावी. आणीबाणीसाठी नंदिनीच्या गुडलाइफसारखं, क्षणभर अतिउच्च तापमानाला तापवून बंद केलेलं दूध गाडीत असावं. फोडेपर्यंत त्याला फ्रिज लागत नाही. चव थोडी उकळल्यासारखी लागते, पण कोल्ड कॉफीच्या साखरेत ती कुणाला कळत नाही.

आता मुख्य मुद्दा. हे आइसपॅक गोठवायचे कुठे? घरच्या फ्रिजच्या चिमुकल्या फ्रीझरमध्ये मोजकेच बसतात. याचं उत्तर गावोगावी आधीच चालू आहे, आरोग्य खात्यात. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डीप फ्रीझरमध्ये पॅक गोठतात. लसीकरणाच्या दिवशी चार पॅक लावलेली लहानशी पेटी खेड्यात जाते आणि २ ते ८ अंशांत लस सांभाळते. चांगली पेटी साधारण १२ तास टिकते. परिचारिकेकडे फ्रिज नसतो, बॅटरीही नसते. थंडी एका जागी तयार होते आणि पेटीतून वाटली जाते. मग हीच रीत गाडीवाल्यांसाठी का नको?

दुधाच्या धंद्यानंही हाच रस्ता धरला होता. १९४८ च्या जूनमध्ये गुजरातमधल्या खेडा जिल्ह्याच्या सहकारी दूध संघानं मुंबई दूध योजनेसाठी दूध पाश्चरीकृत करायला सुरुवात केली, ती दिवसाला जेमतेम २५० लिटरवर. गुजरातच्या खेड्यातलं दूध मुंबईत चांगल्या अवस्थेत पोहोचलं, कारण तापवणं आणि गार करणं प्रत्येक शेतकऱ्याच्या गळ्यात न घालता संघानं एका जागी केलं. आज खेड्यापाड्यांतल्या दूध संस्थांत दूध ४ अंशांपर्यंत गार करणारे मोठे कूलर आहेत. कलबुर्गी-बिदर-यादगीर दूध संघापर्यंत ही साखळी मजबूत आहे. ती तुटते शेवटच्या दोन-तीन किलोमीटरांत, आणि तिथे सगळा भार एकट्या गाडीवाल्यावर येतो. तपासणीला येणारा अधिकारी पावती फाडतो ती त्याच्याच नावानं.

यासाठी कोट्यवधी लागत नाहीत. २०२३ साली केंद्रानं देशभरात शंभर फूड स्ट्रीट उभारायचं जाहीर केलं, प्रत्येकी एक कोटी रुपये मदतीसह. त्या रकमेतल्या एका कोपऱ्यात कितीतरी गावांचे डीप फ्रीझर बसतील. बसवकल्याणसारख्या गावाला असा एक फ्रीझर, पॅकचे दोन संच (एक गाडीवर, एक गोठत) आणि रोज सकाळी जुने घेऊन नवे देणारा एक माणूस पुरेसा आहे. जागा दूध संघाच्या विक्री केंद्रात असावी, म्हणजे थंड पिशव्या आणि गोठलेले पॅक एकाच खिडकीत मिळतील. पॅकमागे नाममात्र भाडं घेतलं तरी हरकत नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं नेमायच्या नगर विक्रय समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असतात. हा प्रस्ताव मांडायला ती योग्य जागा आहे.

कोणता डबा चाळीस अंशांत किती तास टिकतो, हे सांगणारी माणसंही लांब नाहीत. कर्नाटक पशुवैद्यकीय विद्यापीठाचं मुख्यालय बिदरलाच आहे आणि त्याचं दुग्धविज्ञान महाविद्यालय कलबुर्गीजवळ महागाव फाट्यावर. विद्यार्थ्यांनी बाजारातले चार-पाच डबे मे महिन्याच्या उन्हात ठेवून तासातासाला तापमान नोंदवावं. निकालाचं एक पानी पत्रक कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत छापावं, कारण या भागातले गाडीवाले दोन्ही बोलतात. विद्यापीठानं ही चाचणी आणि पालिकेनं तो फ्रीझर, दोन्ही पुढच्या उन्हाळ्याच्या आत करून दाखवावं.