पानं नको, रोपं विका!

बाल्कनीत बेसिल फोफावलं, फोटो इन्स्टावर टाकला, की दोस्तमंडळी लगेच म्हणतात, 'अरे, बिझनेस कर की!' थांबा जरा. आधी मंडईत एक चक्कर मारा. पुदिन्याची जुडी तिथे किरकोळ पैशांत मिळते. सहा कुंड्यांच्या जोरावर त्या भावाशी टक्कर देणार कशी? वाळवून डबीत भरायचा, तर किलोभर पानांतून जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम हाती लागतं. वर एफएसएसएआयची नोंदणी हवीच.

माझं विचाराल तर पानं नको, रोपं विका. पुदिन्याची काडी ग्लासभर पाण्यात ठेवली की आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात. गवती चहाचं एक ठोंब फोडून पाच-सहा होतात. एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनात बघा, लोक कुंड्या किती हौसेने घरी नेतात ते!

फक्त, एप्रिलच्या उन्हात एक दिवसही पाणी चुकवून चालत नाही आणि जुलैच्या पावसात बेसिल कुजतं. ग्रुप लोणावळ्याला निघाला तरी तुम्ही आधी ट्रे आडोशाला न्यायचे. हे जमणार असेल तर सोसायटीच्या ग्रुपवर पहिली दहा रोपं टाकाच. आणि हो, कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचे डास तिथेच होतात. मग खालच्या काकू रोप घ्यायला नाही, भांडायला येतील.