लोणारचे खडे : मनाई हवी, मुभाही हवी

लोणारच्या विवरात उतरणाऱ्या पर्यटकांच्या जथ्यात लोहचुंबक घेऊन आलेला एखादा तरी असतो. काठच्या वाळूवरून चुंबक फिरवला की त्याला काळ्या कणांची झालर चिकटते, आणि हे उल्केचे लोखंड, असे भोवतीच्या मुलांना मोठ्या विश्वासाने सांगितले जाते. वस्तुतः ते कण बहुतांशी मॅग्नेटाइटचे असतात. दख्खनच्या काळ्या पाषाणातून ते जसे लोणारला सुटतात, तसेच या पठारावरील ओढ्यानाल्यांच्या वाळूतही सापडतात. जो उल्कापिंड येथे आदळला, तो आघाताच्या प्रचंड उष्णतेने बहुतांश वितळून, वाफ होऊन गेला. तरीही परतीच्या वाटेवर त्या कणांची पुडी आणि एखादा चकाकणारा, सच्छिद्र खडा खिशात पडतोच. हा खडा कोणाचा, तो उचलण्याचा अधिकार कोणाला, आणि येथे उचलू द्यावयाचा नसेल तर ज्याला दगडगोटे शोधण्याची हौस आहे त्याने जावे कोठे, असे तीन प्रश्न आहेत. पहिल्या दोहोंची उत्तरे कायद्यात आहेत, पण ती फारशी कोणाला ठाऊक नाहीत. तिसऱ्याचे उत्तर कायद्यातही नाही.

प्रश्न क्षुल्लक वाटण्याजोगा आहे. परंतु लोणारच्या बाबतीत तो तसा नाही. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आणि काठापासून दीडशे मीटरच्या आसपास खोल असलेले हे विवर १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने नोंदविले. त्यानंतर दीर्घकाळ ते ज्वालामुखीचे की उल्केचे, हा वाद चालू राहिला. तो मिटला तो दगडांच्या साक्षीने. छिद्रे पाडून काढलेल्या नमुन्यांत आघाताने भंगलेला पाषाण आणि मॅस्केलिनाइट, म्हणजे प्रचंड दाबाखाली काचेचे रूप घेतलेले खनिज, आढळले, आणि १९७३ साली भारतीय व अमेरिकी शास्त्रज्ञांनी हे विवर उल्कापाताचेच असल्याचा पुरावा जगापुढे मांडला. चंद्र आणि मंगळ यांच्या पृष्ठभागावर असाच काळा पाषाण मोठ्या प्रमाणावर असल्याने तेथील विवरांशी ताडून पाहण्यासाठी लोणारइतके सोयीचे स्थळ पृथ्वीवर क्वचितच सापडेल. विवराचे वय प्रथम पन्नास हजार वर्षांच्या आसपास मानले जात होते. २०११ साली, आघातात वितळलेल्या खडकाचे नमुने आर्गॉन पद्धतीने तपासल्यावर ते सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षे निघाले. मूठभर खड्यांनी वयाचा अंदाज दहापटीने बदलला. ते खडे त्याआधीच कोणाच्या दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात जाऊन बसले असते, तर हा शोध लागला नसता.

येथेच लोणारचा खडा आणि सोन्याचा कण यांत मूलभूत फरक आहे. सोने नदीच्या वाळूतून काढून कोठेही नेले तरी ते सोनेच राहते. त्याचे मोल त्याच्या अंगी असते. लोणारच्या काचमण्याचे मोल तो कोठे पडला आहे यात आहे. काठापासून किती अंतरावर, कोणत्या थरात आणि कोणत्या बाजूस तो सापडला, यावरून आघाताची दिशा आणि जोर यांचा हिशेब मांडला जातो. जागेवरून हलविला की त्या खड्याची साक्ष संपते आणि उरतो तो केवळ एक काळा दगड.

लोणारमधून वस्तू नेण्याची प्रथा नवी नाही. सरोवराच्या खाऱ्या पाण्यापासून मिळणारे क्षार शतकानुशतके काढले गेले. उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर क्षार धरत, आणि दल्ला, पापडी अशी त्यांची प्रतवारीची नावेही रूढ होती. परंतु क्षार पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा धरतो. आघातात जन्मलेली काच पुन्हा तयार होत नाही. तेव्हा जुन्या वहिवाटीचा दाखला येथे लागू पडत नाही, हे उघड आहे.

कायद्याची भाषा याबाबत नि:संदिग्ध आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने वनोपजाची जी व्याख्या केली, तीत वनातील माती, खडक आणि खनिजेही येतात. सामान्य माणसास वनोपज म्हटले की डिंक, मध आणि तेंदूची पाने आठवतात. पायाखालचा गोटाही वनोपज आहे, याची त्याला कल्पना नसते. विवराचा परिसर २००० साली वन्यजीव अभयारण्य झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार अभयारण्यातून परवान्याशिवाय वनोपज हलविता येत नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ४८ व्या कलमाने सर्वसाधारणपणे खनिजांचा हक्क राज्य शासनाकडे ठेवलेला आहे. २०२० साली सरोवर रामसर यादीत गेले आणि त्याची जबाबदारी आंतरराष्ट्रीय झाली. म्हणजे अभयारण्यातून एक खडाही नेता येत नाही. मात्र ही गोष्ट पर्यटकाच्या कानी घालणे हे जणू कोणाच्याच कामात मोडत नाही.

दुसरीकडे, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने लोणारला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा जो मान दिला, त्यामागे दंडाची तरतूद असलेला स्वतंत्र कायदा नव्हता. अशा स्थळांच्या रक्षणासाठी केंद्रीय खाण मंत्रालयाने २०२२ च्या डिसेंबरात एका विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला, ही या उणिवेची कबुलीच होय. शिवाय आघाताने फेकलेला माल अभयारण्याच्या हद्दीत थांबलेला नाही. विवराच्या काठाबाहेर दूरवर त्याचा थर पसरला आहे आणि त्यावर शेते, रस्ते, घरे, खुद्द लोणार गाव उभे आहे. तेथे शेतकऱ्याने नांगरू नये वा विहीर खणू नये, असे कोणी म्हणणार नाही. परंतु शाळकरी मुलाच्या खिशातील खड्यावर बोट ठेवावयाचे आणि पायाभरणीसाठी किंवा भरावासाठी उकरल्या जाणाऱ्या थराकडे पाहावयाचेही नाही, हा न्याय विचित्र ठरेल. निदान खोदकामापूर्वी त्या जागेची नोंद व नमुने घेण्याची व्यवस्था हवी. तीस फार पैसा लागत नाही. लागते ते लक्ष.

इथवर मनाईची बाजू झाली. परंतु केवळ मनाई करून हौस मरत नाही. ती चोरटी होते. दगडगोटे, स्फटिक, धातूचे कण शोधण्याची ओढ माणसात जुनी आहे. सराफकट्ट्यावरील धूळ धुऊन सोन्याचे कण मिळविणारे झारेकरी महाराष्ट्राला परिचित आहेत आणि वैनगंगेच्या खोऱ्यात नदीच्या वाळूतून सोने वेचणारे सोनझारी विदर्भाला. ती त्यांची पोटाची विद्या होती. आज हीच ओढ विद्यार्थ्यांत आणि निवृत्तांत छंदाच्या रूपाने दिसते. दख्खनच्या पाषाणातील झिओलाइट वर्गाच्या स्फटिकांनी जगभरची संग्रहालये सजली आहेत. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतील निळा कॅव्हान्साइट पाहून परदेशी जाणकार थक्क होतात. सिन्नरचे गारगोटी संग्रहालय तर अशाच एका संग्राहकाच्या ध्यासातून उभे राहिले. विहिरी आणि दगडखाणी खोदताना निघालेले हे स्फटिक कोणी वेचले नसते, तर ते खडी यंत्रात भरडून रस्त्याखाली गेले असते. हौशी माणूस हा येथे लुटारू नव्हे, राखणदार ठरला.

आपल्या खनिज कायद्याला मात्र हा माणूस दिसत नाही. १९५७ च्या खाणी व खनिजे अधिनियमाप्रमाणे पूर्वेक्षणाला, म्हणजे खनिजाच्या शोधालाही परवाना लागतो, आणि सोन्यासारख्या धातूंचे खाणहक्क २०१५ नंतर प्रामुख्याने लिलावाने दिले जातात. ही रचना कंपन्यांसाठी आहे आणि मोठ्या खाणींच्या दृष्टीने ती योग्यही असेल. पण हातात एक पाटी आणि एक हातोडी घेऊन रविवारी बाहेर पडणाऱ्याचे काय? कंपनी आणि चोर यांच्या मधली तिसरी जात कायद्याने मानलेलीच नाही.

अन्यत्र ती मानली आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात १८५४ साली युरेका येथे सोने शोधणाऱ्यांचे बंड झाले. पुढच्याच वर्षी जाचक परवाना जाऊन ‘मायनर्स राइट’ आला. नाममात्र शुल्काचा तो हक्क आजही हौशी शोधकाला मिळतो. अट एवढीच की यंत्रे वापरावयाची नाहीत, हाताची अवजारे वापरावयाची, खणलेला खड्डा बुजवावयाचा आणि राष्ट्रीय उद्यानांसारख्या निषिद्ध जागी जावयाचे नाही. अमेरिकेत केंद्र सरकारच्या मोकळ्या जमिनींवरून दगड झालेले लाकूड स्वतःच्या संग्रहासाठी दिवसाला २५ पौंड व एक तुकडा, आणि वर्षाला २५० पौंडांपर्यंत नेता येते. विकता येत नाही. त्याच देशात ॲरिझोनातील पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानातून मात्र ढलपीही उचलता येत नाही. तेथून चोरून नेलेले तुकडे कित्येकांनी पश्चात्तापाच्या पत्रांसह परत धाडले. परंतु ते मूळचे कोठले, हे कोणालाच सांगता येत नसल्याने ते पुन्हा जागेवर ठेवता आले नाहीत. त्यांचा निराळा ढीग करावा लागला. या ढिगापासून लोणारने धडा घ्यावा. परत आलेला खडा परत येतो, त्याची जागा परत येत नाही.

तेव्हा धोरण दुहेरी असावयास हवे. लोणारच्या विवरात, काठावर आणि देवळांच्या परिसरात पूर्ण मनाई असावी आणि तिला अपवाद फक्त परवानाधारक संशोधकाचा. त्यानेही नेलेल्या प्रत्येक नमुन्याची जागा नोंदवावी व त्यातील काही भाग लोणारमध्येच ठेवावा. विवरात उतरणाऱ्या प्रत्येक वाटेवर मराठी व हिंदी फलक हवेत आणि त्यांवर दंडाच्या आकड्यापूर्वी मनाईचे कारण लिहिलेले हवे. बाहेर पडताना खिसे मोकळे करण्यासाठी एक पेटी असावी. तीत टाकणाऱ्याला कोणी नाव विचारू नये, आणि तो माल शाळांच्या प्रयोगशाळांत जावा. गावात एक टेबल, दोन सूक्ष्मदर्शके आणि हाताळता येतील असे नमुने मांडले, तरी मुलांची जिज्ञासा भागेल. वाटाड्यांना चार दिवसांचे शिक्षण दिल्यास चुंबकाची दंतकथा जाऊन तिची जागा अधिक अद्भुत अशी खरी हकीकत घेईल.

त्याच वेळी विवरापासून दूर, जिल्ह्याजिल्ह्यांत, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा सल्ला आणि खाणमालकांची संमती घेऊन काही दगडखाणी हौशी शोधकांसाठी मोकळ्या केल्या पाहिजेत. कडा सुरक्षित आहे याची खात्री करून घ्यावी. हातोडी व छिन्नीखेरीज अवजार नको, वजनाची मर्यादा असावी, विक्रीस बंदी असावी आणि दुर्मीळ वस्तू आढळल्यास कळविण्याचे बंधन असावे. तहसील कचेरीत अल्प शुल्क भरून वर्षाचा परवाना मिळावा. नव्या भूवारसा कायद्याचे अंतिम रूप कोणतेही असो, काय निषिद्ध आहे याच्या यादीबरोबर काय मोकळे आहे याचीही यादी त्याने दिली पाहिजे.

दार किलकिले केले की लूट होईल, अशी भीती घालणारे निघतील. परंतु लूट आजही शक्य आहे, कारण कोणी मोजत नाही. नियम माणसाला ठाऊक असेल आणि पाळण्याजोगा असेल, तरच तो मोडणारा उघडा पडतो. सरोवरात जाणारे सांडपाणी, भोवतीची बांधकामे हे लोणारचे मोठे प्रश्न आहेत आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्यांत लक्ष घालावे लागले, हे खरेच. पण मोठ्या प्रश्नांना कोट्यवधी रुपये आणि वर्षे लागतात. खड्याच्या प्रश्नाला काही फलक, एक पेटी आणि एक शासन निर्णय पुरेल. तेवढेही होणार नसेल, तर मोठी कामे होतील यावर विश्वास कसा ठेवावा?

विवरात चुंबक घेऊन आलेल्या मुलाचा अपराध काहीच नाही. त्याला प्रश्न पडला, हीच त्याची पात्रता. त्याने खडा पाहावा, हाती घ्यावा, जागेवर ठेवावा, आणि दुसऱ्या दिवशी आपल्याच तालुक्यातील एखाद्या खाणीत राजरोस जाऊन दुसरा शोधावा, एवढी सोय करणे शासनाचे काम आहे.